दरीतल्या वाटेला दिलेली माझी सही मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. वन अधिकारी साहेब,
वन कार्यालय, पहिला मजला, जिन्याला लागून असलेली खोली.

अर्जदार: चौकटी मोजणारी बाई. (आपल्या हजेरीपुस्तकात शेवटून दुसरी.)

विषय: गेल्या वर्षीच्या हरीण-मोजणीवरची माझी सही रद्द समजून येत्या रविवारची दरीतली शर्यत थांबवण्याबाबत.

संदर्भ: १) गेल्या वर्षीचा मोजणी अहवाल, माझ्या सहीचा. तो खोटा आहे.
२) त्या अहवालाच्या जोरावर आपण दिलेली दरीतल्या वाटेची परवानगी.

महोदय,

१. सर्वांत आधी माझ्या जावयाच्या वागणुकीबद्दल तक्रार नोंदवते. सदर जावई रोज सकाळी सहा वाजता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून चाळीस-पन्नास माणसं रानात सहलीला घेऊन जातात. कोणाच्या हातात काठ्या, कोणाची सायकल, कोणाचा कुत्रा. जाताना खिडकीत डोकावून मला म्हणतात, "येतो हं, आई." आणि मग त्या माणसांकडे वळून म्हणतात, "ह्या आमच्या सासूबाई. रानातलं पानसुद्धा ह्यांना विचारून पडतं." माणसं हसतात आणि फोटो काढतात. हातात झारा धरलेले माझे फोटो आजवर कुठे कुठे पोचले असतील ते मला माहीत नाही.

तक्रार लिहायला बसले की एक अडचण येते, ती आधीच सांगून टाकते. जावई वाईट माणूस नाहीत. व्यसन नाही, आळस नाही, माझ्या लेकीशी कधी चढ्या आवाजात बोलणं नाही. रानात कागदाचा कपटा पडला तर स्वतः वाकून उचलतात. तरीही ही तक्रार आहे, आणि ती कशाबद्दल आहे ते आपण शेवटपर्यंत वाचलंत तरच कळेल. अर्ज लांबला आहे. आपल्या लेखनिकांनी "एका पानात बसवा, बाई" असं सांगितलं होतं. बसलं नाही.

२. माझी माहिती. माझे मालक आपल्या खात्यात वनरक्षक होते. ते गेल्यावर हरीण मोजायचं काम मला मिळालं, कारण ते असतानाही ते मीच करत होते आणि सही ते करत. माझं शिक्षण चौथीपर्यंत. 'उपरोक्त', 'सदर' हे शब्द मी मालकांच्या जुन्या नकला वाचून शिकले. चुकीच्या जागी पडले असतील तर सांभाळून घ्यावं.

आपण कधी मोजणीला आला नाहीत, म्हणून ती कशी होते ते लिहिते. हरीण डोळ्यांनी मोजत नाहीत. ते उभं राहत नाही आणि एकच हरीण चार ठिकाणी दिसतं. मोजतात त्याच्या लेंड्या. मालकांनी रानात वीस चौकटी आखल्या. दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद, चार कोपऱ्यांना खुंट्या आणि भोवती सुतळी. चौकट झाडून साफ करायची, पंधरा दिवसांनी परत यायचं, आणि आत किती ढीग पडलेत ते वहीत लिहायचं. आठ चौकटी बाहेर, रस्त्याच्या आणि वस्तीच्या कडेला. बारा आत, दरीत, उंच गवताच्या पट्ट्यात. दरीतल्या बाराच खऱ्या महत्त्वाच्या, कारण माद्या पाडसं तिथेच घालतात. वस्तीतले लोक मला मागून "लेंड्याबाई" म्हणतात. समोर म्हणायची कोणाची टाप नाही.

३. आता माझा गुन्हा. गेल्या वर्षी माझा उजवा गुडघा सुजला. दरीत उतरायचं म्हणजे दोन तासांची उतरण आणि तीन तासांची चढण. ते मला झेपेना. हे मी कोणाला सांगितलं नाही. कार्यालयात कळलं असतं तर "बाई थकली आता" असं कोणीतरी म्हटलं असतं, आणि ते वाक्य ऐकण्यापेक्षा मी दुसरा गुडघासुद्धा देऊन टाकला असता. ओळखलं फक्त जावयांनी. म्हणाले, "आई, वही द्या इकडे. मी तर रोज जातोच रानात. जाता-येता मोजून आणतो."

त्यांनी बाहेरच्या आठ चौकटी मोजल्या. त्यांच्या वाटेवरच होत्या. ढीग मागल्या वर्षाच्या दुप्पट. वही परत देताना मला सरळ म्हणाले, लपवून काही नाही, "आतल्या बारांना वेळ नाही झाला, आई. पण बाहेर एवढे पडलेत म्हणजे आत किती असतील!" आणि त्याच हिशेबाने वहीतली बारा घरं भरून टाकली.

साहेब, मी ते खरं मानलं. का मानलं तेही लिहिते. त्या वर्षी हरणं माझ्या परसात येत होती. घेवड्याचा वेल त्यांनी बुंध्यापर्यंत खाल्ला आणि मी ओरडायचं सोडून दारात उभी राहून बघत होते. मला वाटलं, मालकांच्या वेळी नव्हती एवढी आता झाली. शेजारणीला मी अभिमानाने सांगितलं. आणि वीसच्या वीस चौकटींखाली सही केली.

हरणं वाढली नव्हती. आत नरांच्या झुंजी बघायला जाणाऱ्या माणसांमुळे ती बाहेर ढकलली गेली होती. घराला आग लागली की आतली माणसं रस्त्यावर दिसतात. ती बघून 'वस्ती वाढली' असं कोणी लिहीत नाही. मी लिहिलं. त्या सहीवर आपण 'लोकांच्या वावराने हरणांना अपाय नाही' असा शेरा मारलात आणि दरीतली वाट उघडलीत. आपला दोष नाही. आपल्यापुढे माझी सही होती.

४. यंदा मी स्वतः दरीत उतरले. काठी घेऊन, बसत बसत, जायला एक दिवस आणि यायला एक दिवस. दरीतल्या झोपडीत मुक्काम केला. पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच. बारा चौकटींत मिळून ढीग सापडले सात. मालकांच्या वेळी एका चौकटीत सात असत. आणि ते सातही नीट नाहीत. धड हरणाच्या लेंड्या सुट्या, टणक आणि चकचकीत असतात. ह्या लिबलिबीत होत्या. पोट बिघडल्याशिवाय आणि सारखी धावपळ असल्याशिवाय तसं होत नाही. धड आणि बिघडलेला असे दोन्ही नमुने सोबत जोडले आहेत.

परसात येणारी मादी मी मग नीट बघितली. आधी अभिमानाने बघत होते, तेव्हा बरगड्या दिसल्या नव्हत्या. कानांच्या आत गोचिडी द्राक्षासारख्या लोंबत होत्या. सगळी एका जागी कोंडली की असंच होतं, एकीच्या दुसरीला. ती चरत होती तेव्हा मी मनात आकडे म्हटले. शंभर म्हणेपर्यंत तिचं तोंड गवतात होतं ते सोळा आकडे. उरलेले चौऱ्याऐंशी मान वर, कान उभे. दिवसभर असं जेवण असेल तर माणूसही वाळेल. आणि तिच्या पोटात पाडस होतं.

आपल्या लेखनिकांना मी हे तोंडी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अर्जात भीती-बिती लिहू नका. भीती ही काही बाब नाही, बाई. बाब लिहा." तर बाब अशी की मला भीती वाटते. एकोणीस वर्षं मी ह्या रानात एकटी फिरले. साप पायावरून गेला तेव्हा त्यालाच दोन शिव्या दिल्या. पण यंदा दरीत एक गोष्ट झाली. मी चालत होते, आणि इशाऱ्याची हाक आली नाही. माणूस शिरला की पहिलं हरीण भुंकल्यासारखं ओरडतं, मग दुसरं, मग पार टोकापर्यंत सगळ्यांना कळतं. मी मुद्दाम काठी आपटली. काही नाही. एवढं मोठं रान, आणि मी आल्याचं कोणी कोणाला सांगितलं नाही. मी खाली बसले. ते गुडघ्यामुळे नव्हतं.

५. हा परिच्छेद लिहायला संकोच वाटतो, पण आपणही संसारी आहात. पाडसं कमी का झाली त्याचं मूळ गवतात नाही, त्याच्या सहा-सात महिने आधी आहे. माद्या माजावर येतात ते दिवस थोडे असतात. नर एका जागी उभा राहून ओरडतो, दुसऱ्याला शिंगं लावतो, माद्या त्याच्याभोवती जमतात. हे सगळं भल्या सकाळी. आणि जावयांच्या पाटीवर त्या दिवसांत काय लिहिलेलं असतं? 'चला, नरांची झुंज बघायला. सोबत गरम चहा.' दोन वर्षं तशी माणसं गेली. लांब उभी राहिली, हळू बोलली, सगळं नियमाने. आणि नर तिथून उठून गेला. दुसऱ्या जागी उभा राहिला, तिथे पुढच्या सकाळी दुसरी तुकडी.

साहेब, नवरा-बायकोच्या खोलीत रोज सकाळी साठ माणसं हळू आवाजात उभी राहिली तर त्या घरात पाळणा हलेल का? हलला तरी उशिरा हलतो. उशिरा राहिलेलं पाडस उशिरा जन्मतं, लहानखुरं असतं, आणि चांगलं गवत तोवर जून झालेलं असतं. आईला दूध नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. वहीतल्या ठिपक्यांवरून सांगते. मादीला एक रेघ आणि पाडसाला एक ठिपका अशी माझी पद्धत आहे. मालकांच्या पानांवर रेघा तेवढे ठिपके. माझ्या यंदाच्या पानावर एकोणतीस रेघा आणि ठिपके नऊ. हे नऊही दरीतच आहेत, वाटेपासून शंभर पावलांच्या आत, कारण उंच गवत आता तेवढंच उरलं आहे.

६. आता जे लिहिते ते गेल्या सोमवारचं आहे.

दुपारी तीन वाजता दारावर थाप पडली. बघते तर चार पाहुणे, जावयांच्या वाटेवर आलेले. दोन बाया, दोन पुरुष, चांगल्या घरचे. एका बाईच्या कडेवर टॉवेलात गुंडाळलेलं पाडस. ती रडत होती. "आजी, हे एकटंच पडलं होतं हो. आई टाकून गेली. आम्ही बिस्किट दिलं, खात नाही." मी म्हटलं, "बाई, ते चार दिवसांचं आहे. तुझ्या लेकराला चौथ्या दिवशी बिस्किट दिलं होतंस का?"

साहेब, पाडसाला आई टाकून जात नाही. गवतात निजवून लांब चरायला जाते आणि दिवसातून दोन-तीनदा पाजायला येते. तोवर त्याने हलायचं नाही, एवढंच त्याला कळतं. माणूस दिसला तर जास्तच चिकटून राहतं. माणसाचा हात लागला की आई नाकारते असं लोक म्हणतात, तेही खोटं. ती नाकारत नाही. तिला जवळ येता येत नाही.

मी विचारलं, "कुठून उचललंत?" म्हणाले, "एका झाडाजवळून." रानात झाडाजवळून! पण दुसऱ्या बाईने फोनात फोटो काढला होता. पाडसाच्या मागे कुबड आलेला खडक होता आणि तो मी ओळखला. वाटेच्या पहिल्या वळणावर, नवव्या चौकटीपाशी. पाडस मी माझ्या पदरात घेतलं, त्या चौघांना घरातच बसवलं, आणि गेले. पाऊण तास लागला. एरवी दीड लागतो.

मादी तिथेच होती. पलीकडच्या झुडपांत उभी, कान पुढे. मी पाडस होतं तिथे ठेवलं, मागे सरले, खडकाच्या आडोशाला, माझा वास तिच्याकडे जाणार नाही अशा बाजूला बसले. ती निघाली. तीस पावलं आली असेल आणि वाटेवरून दोन सायकली. ती परत झुडपात. सायकली गेल्या. ती थांबली, पुन्हा निघाली. मग एक म्हातारं जोडपं, हळूहळू, पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक हातात. ती परत. मग पळणारा एकटा माणूस, कानात गाणी ऐकायची बोंडं घालून. परत. मग कुत्रा आणि त्याची मालकीण. कुत्रा दोरीला बांधलेला होता, तेही सांगते, नियम कोणी मोडला नाही. माणसांना मी दिसले तर हात हलवून "नमस्कार आजी!" म्हणत होती.

मी ओरडू शकले नाही. ओरडले असते तर मादी कायमची गेली असती. मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, मी तोंड मिटून बसल्याचं शेवटचं कधी बघितलंत म्हणून. त्या दिवशी सूर्य टेकेपर्यंत मी तोंडात पदराचा बोळा धरून बसले. अकरा वेळा ती आली. अकरा वेळा परत गेली. सर्वांत जवळ आली तेव्हा पाडसाने मान उचलली होती. मला त्याचं ओलं नाक दिसलं. त्या वेळी जावयांची स्वतःची संध्याकाळची तुकडी आली. तीस माणसं. जावई पुढे. त्यांनी माणसांना गप्प केलं, बोटाने मादी दाखवली, आणि सगळी तिथे भक्तिभावाने दहा मिनिटं उभी राहिली.

ती बाराव्यांदा आली नाही.

मंगळवारी सकाळी मी गेले. पाडस ठेवलं होतं तसंच होतं, हलायचं नाही म्हणून शिकवलं होतं तसं. डोळ्यांत मुंग्या होत्या. वहीतला एक ठिपका मी खोडला. आता आठ.

७. येत्या रविवारी सकाळी सात वाजता दरीत जावयांनी भरवलेली शर्यत आहे. नाव नोंदवलेले पळणारे चारशेच्या वर. मी पाटी वाचली, अगदी खालच्या बारीक अक्षरांपर्यंत. वाट दोन माणसांच्या रुंदीची आहे. चारशे माणसं एकामागे एक पळत नाहीत. पुढच्याला मागे टाकायचं म्हणजे वाट सोडून गवतात पाय टाकावा लागतो. गवतात आठ पाडसं आहेत, आणि त्यांतलं एकही उठणार नाही. पळणाऱ्याच्या पायाखाली काय आलं ते त्याला कळणारही नाही. त्याला वाटेल, मऊ लागलं. ज्या माद्या अजून व्यायच्या आहेत त्या पळतील. पोट ओढत चढण चढतील आणि बाहेर रस्त्यावर येतील, गाड्यांपुढे. मग कोणीतरी म्हणेल, बघा, किती हरणं झाली आहेत.

मला हे जागेपणी दिसतं. भांडी घासताना दिसतं.  पुढच्या वर्षी वीस चौकटी साफ करून पंधरा दिवसांनी जाईन आणि वीसही तशाच साफ असतील, एवढं मला दिसतं. तेव्हा आपण कागद काढाल आणि त्यावर माझी सही असेल.

८. घरातली बाजू. लेकीला मी हे सांगितलं. ती पळणाऱ्यांच्या छातीवर लावायचे आकडे कापडावर शिवत बसली होती, एकशे सत्तरपर्यंत झाले होते. म्हणाली, "अगं आई, चार उड्या मारल्या म्हणून हरीण मरत नाही. तुला आमचं चांगलं बघवत नाही का?" मी म्हटलं, "तुझं चांगलं बघायला मी डोळे ठेवलेत, पण डोळे आहेत म्हटल्यावर बाकीचंही दिसतं." ती म्हणाली, "अर्ज दिलास तर माझ्या घरी येऊ नकोस." तिने त्यानंतर आकडे शिवणं थांबवलं नाही. मीही अर्ज थांबवला नाही. मला एकच लेक आहे. हे आपल्या माहितीसाठी लिहिलं, दयेसाठी नाही.

९. तरी विनंती पुढीलप्रमाणे.

गेल्या वर्षीच्या अहवालातल्या दरीतल्या बारा चौकटींवर लाल शाईने रेघ मारावी आणि खाली 'मोजल्या नाहीत' असं लिहावं. माझ्यासमोर लिहावं. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती मला द्यावी, जावयांना नको, कारण त्यांनी मला सांगितलं होतं आणि सही माझी आहे.

रविवारची शर्यत दरीतून काढावी. रद्दच करा असं म्हणत नाही. मोठ्या रस्त्याने पळू द्या, धरणाच्या भिंतीवरून पळू द्या, माझ्या अंगणातून फेऱ्या मारल्या तरी मी प्रत्येकाला पाणी देईन.

पाडसं आईमागे पळायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने, आणि माजाचे दिवस, असं वर्षातून दोनदा दरीच्या तोंडाला कुलूप असावं. किल्ली कार्यालयात ठेवावी. माझ्याकडे ठेवलीत तर जावई मागायला येतील आणि मला रोज नाही म्हणावं लागेल.

शेवटची विनंती अशी की आपण शनिवारी एकदा स्वतः नवव्या चौकटीपाशी चलावं. एकटं, शिपाई आणि फोटोवाला सोडून. मी खडकामागे बसवते. तिथे आणखी एक मादी आहे, तिचं पाडस जिवंत आहे. ती किती वेळा येते आणि किती वेळा परत जाते ते आपण बोटांवर मोजावं. मग परवानगी द्यायची की नाही ते आपलं आपण ठरवावं. माझ्या सहीवर ठरवू नये.

आपली नम्र, आजपुरती तरी,

(सही)
चौकटी मोजणारी

दिनांक: गुरुवार. शर्यतीला तीन दिवस.

सोबत:
१) मोजणीच्या वह्या दोन, गेल्या वर्षीची आणि यंदाची. मूळ प्रती. परत हव्यात.
२) पाडसाचा फोटो, पाहुण्या बाईने छापून पाठवला. त्यात ते जिवंत आहे.
३) लेंड्यांच्या पुड्या दोन. खूण केलेली पुडी बिघडलेल्यांची. उघडताना टेबलावरचा चहा बाजूला ठेवावा.

ता. क. कोणाची तक्रार त्याच्या पाठीमागे करायची मला सवय नाही. म्हणून आज सकाळी सहल आटोपून जावई चहाला आले तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून हा अर्ज पहिल्यापासून वाचून दाखवला.  मी वाचत वाचत पाडसापाशी पोचले तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.  मग म्हणाले, "आई, मला खरंच माहीत नव्हतं ती पाजायला येतेय. मला वाटलं, आपल्याला बघायला थांबलीय." मग म्हणाले, "पण चारशे माणसं निघालीत. आता त्यांना नको कसं म्हणू? आणि मी असं वाईट काय केलं, सांगा ना."

ते मी त्यांना सांगितलं, आणि जसं सांगितलं तसंच इथे उतरवते, म्हणजे कार्यालयात त्याची नोंद राहील:

"जावईबापू, तुम्ही दुसऱ्याच्या घरी गेलात. घरच्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, म्हणून तुम्हाला वाटलं की तुम्ही त्यांना हवे आहात. आता घरात बाळंतीण आहे हे तुम्हाला कळलं. हे कळल्यावरही जो तिथे बसून राहतो, तो चांगला माणूस नाही. उठा."